ऐंशी डॉलरची हॅलोविन पार्टी : एका घरगुती बेताचे प्रकरण

न्यू जर्सी राज्याच्या मध्य भागातील एका लहान गावात राहणाऱ्या मराठी कुटुंबाने २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये मुलांसाठी घरच्या घरी हॅलोविनची, म्हणजे ३१ ऑक्टोबरच्या भुताखेतांच्या सोंगांच्या सणाची, पार्टी केली, तिचा हा वृत्तांत आहे. मी त्यांची शेजारीण. या कामात मी मदतनीस होतेच, शिवाय सगळ्या पावत्या एका डब्यात जमवून हिशेब ठेवण्याचे काम आपसूक माझ्याकडे आले, त्यामुळे पुढे येणारे आकडे आठवणीतले नसून पावत्यांवरचे आहेत.

कुटुंबात आठ वर्षांची मुलगी आणि पाच वर्षांचा मुलगा. मुलीला आदल्या वर्षी वर्गातल्या एका मैत्रिणीकडच्या थाटाच्या पार्टीचे आमंत्रण होते. यंदा आपल्या घरी सगळ्यांना बोलवायचे, हा हट्ट तेव्हापासूनचा. मुलांच्या आईने दुकाने पाहून पहिली यादी केली ती अशी : बारा मुलांच्या भेटपिशव्यांचे ८४ डॉलर, हवा भरून उभे करायचे भूत आणि तयार सजावट यांचे ७८, पिझ्झा आणि केक यांचे ९२ आणि चित्रे छापलेल्या ताटल्या-पेल्यांचे ३३, एकूण २८७ डॉलर. त्याच महिन्यात दिवाळीचा खर्च आणि गाडीच्या टायरांचा खर्च एकदम आल्यामुळे घरात ठरलेली मर्यादा ८० डॉलरची होती. दोन आकड्यांमध्ये दोनशे डॉलरहून अधिक अंतर होते. प्रत्येक गोष्ट थोडी थोडी स्वस्त घेऊन ते भरून निघण्यासारखे नव्हते. तसे केले असते तर त्याच पार्टीची एक केविलवाणी आवृत्ती हाती आली असती.

म्हणून यादी पुन्हा लिहिताना आईने प्रत्येक ओळीपुढे एकच प्रश्न विचारला : ही वस्तू मुले हाताळणार आहेत, की नुसती पाहणार आहेत? ताटल्यांवरची चित्रे, दारावरची कमान, हवा भरलेले भूत या सगळ्या नुसत्या पाहण्याच्या वस्तू निघाल्या, आणि त्याही मुख्यतः पालकांनी फोटोत पाहण्याच्या. माझ्या मते या प्रकरणातला सर्वांत महत्त्वाचा निर्णय हाच होता. पुढची सगळी काटकसर त्यातून निघाली.

हॅलोविनच्या इतिहासाकडे पाहिले तर असे करण्यात काही नवीन नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मॅसॅच्युसेट्समधील फ्रेमिंगहॅमच्या डेनिसन कंपनीचा क्रेप कागद विकत आणून त्याच्या झालरी, टोप्या आणि पोशाख घरी करणे हीच या सणाची रीत होती. १९३० च्या दशकातील मंदीत, मोकाट पोरांच्या या रात्रीच्या नासधुशीला आळा बसावा म्हणून, अनेक ठिकाणी शेजाऱ्यांनी मिळून घरोघरी विभागलेल्या पार्ट्या केल्या : एका घरी पोशाख, दुसऱ्या घरी खाऊ, तिसऱ्या घराच्या तळघरात अंधारातून चाचपडत जाण्याची वाट. एकट्या घराला झेपणार नाही ते चार घरांत वाटले जाई. म्हणजे घरगुती पार्टी ही विकतच्या पार्टीची नक्कल नाही. क्रम उलटा आहे.

तारीख ठरवणे मात्र सोपे गेले नाही. ३१ ऑक्टोबर गुरुवारी येत होता आणि नेमकी त्याच दिवशी नरक चतुर्दशी. लक्ष्मीपूजन गुरुवारी करायचे की शुक्रवारी यावर त्या वर्षी घरोघरी वाद झाले, ते वेगळेच. अखेर २६ तारखेचा शनिवार, दुपारी साडेचार ते साडेसहा ही वेळ निघाली. याचा एक फायदा सुरुवातीला कोणाच्याच लक्षात आला नव्हता. खरी हॅलोविनची रात्र पाच दिवसांवर होती आणि त्या रात्री ही सगळी मुले दारोदार फिरून पिशवीभर कँडी फुकट आणणारच होती; तेव्हा पार्टीत कँडीचा ढीग लावण्याचे कारणच उरले नाही. कँडीवर केवळ ९ डॉलर खर्च झाले. तीही निवडताना आईने वेष्टनावरचे घटक वाचले, कारण न्यू जर्सीच्या करनियमांत ज्या गोडात पीठ असते ते कँडी धरले जात नाही, साधे खाद्य धरले जाते आणि त्यावर ६.६२५ टक्के विक्रीकर लागत नाही. वेफर असलेले चॉकलेट करमुक्त आणि वेफर नसलेले करपात्र, हा प्रकार मला आजही गमतीचा वाटतो. नऊ डॉलरवर वाचले ते साठ सेंट. पण अशा यादीत साठ सेंटसुद्धा कोणीतरी मनावर घेतल्याशिवाय मर्यादा पाळली जात नाही.

आमंत्रणे मुलांनी न्याहारीच्या सिरीयलच्या रिकाम्या खोक्यांच्या पुठ्ठ्यातून वटवाघळे कापून केली. त्यांच्या मागे तीन गोष्टी स्पष्ट लिहिल्या होत्या : पार्टी संपण्याची वेळ, पोशाख घरातल्याच वस्तूंतून करावा ही विनंती, आणि मुलाला कोणत्या खाद्यपदार्थाची ॲलर्जी आहे का हा प्रश्न. तिसऱ्या प्रश्नाने सगळा बेत हलवला. दहा पाहुण्यांपैकी एका मुलाला शेंगदाण्याची आणि एका मुलीला तिळाची ॲलर्जी असल्याचे उत्तर आले, आणि त्या आठवड्यात घराच्या ओट्यावर काय होते, तर दिवाळीच्या चिवड्यासाठी तळून ठेवायचे शेंगदाणे आणि चकलीच्या भाजणीसोबत काढलेले तीळ! ज्या स्वयंपाकघरात फराळ होतो आहे त्याच स्वयंपाकघरात या दोन मुलांसाठी खाणे करणे म्हणजे विस्तवाशी खेळ होता. मुलांच्या आजी नुकत्याच भारतातून आल्या होत्या. फराळ पार्टीनंतर, रविवारपासून सुरू करावा, हे त्यांना पटवायला सुनेला बरेच बोलावे लागले. पण एका मुलीला तिळाचा कणसुद्धा चालत नाही हे कळल्यावर त्यांनी स्वतःच तिळाची बरणी उचलून वरच्या मजल्यावर नेऊन ठेवली आणि ओटा दोनदा धुतला.

तिळाच्या बाबतीत अमेरिकेतील नियम अलीकडचा आहे. १ जानेवारी २०२३ पासून तीळ हा येथील कायद्यात नववा प्रमुख ॲलर्जीकारक घटक धरला जातो आणि वेष्टनावर त्याचा उल्लेख सक्तीचा आहे. त्यानंतर काही बेकऱ्यांनी तीळ पूर्णपणे टाळण्याची हमी देण्याऐवजी पावात थोडे तीळ घालून तसे लिहून टाकणे पसंत केले, त्यामुळे पूर्वी चालणारा पाव आता चालेलच असे नाही. प्रत्येक वेळी वेष्टन वाचावे लागते. आईने इंग्लिश मफिन या गोल पावाची चार पाकिटे वाचून तिळाचा उल्लेख नसलेली दोन घेतली आणि पाकिटे फेकून न देता दोन्ही पालकांना दाखवण्यासाठी जपून ठेवली. हे पाकीट जपणे मला फार शहाणपणाचे वाटले, कारण घरचे खाणे कितीही प्रेमाने केले तरी ॲलर्जी असलेल्या मुलाच्या आईला हवा असतो तो छापील मजकूर. दाराशी एक भोपळा हिरवट निळ्या रंगाने रंगवून ठेवला होता; ‘फूड ॲलर्जी रिसर्च अँड एज्युकेशन’ या संस्थेने २०१४ पासून देशभर रूढ केलेली ही खूण आहे, आणि तिचा अर्थ असा की या घरी खाण्याव्यतिरिक्त दुसरी भेटही मिळते.

खाण्याचा बेत साधा होता. मफिनचे अर्धे भाग, त्यावर टोमॅटोचा सॉस आणि चीजच्या आडव्या पट्ट्या, पट्ट्यांच्या फटीतून डोकावणारे ऑलिव्हचे दोन डोळे : झाली पट्ट्या गुंडाळलेली ममी. सोललेल्या लहान संत्र्यात सेलरीचा तुकडा खोचला की भोपळा. सफरचंदाचा सायडर, म्हणजे रस, विकतचा, पाश्चराइज केलेला. पॉपकॉर्न घरी फोडले, पण ते मोठ्यांच्याच ताटलीत गेले, कारण चार वर्षांखालील मुलांच्या घशात पॉपकॉर्न अडकण्याचा धोका असतो आणि पाहुण्यांतील एक मूल नुकतेच कुठे चार वर्षांचे झाले होते. खाण्याचा एकूण खर्च ३४ डॉलर. ताटल्या साध्या पांढऱ्या, घरातल्याच उरलेल्या. कोणत्याही मुलाने त्याविषयी एक शब्द काढला नाही.

सगळ्या खरेदीत सर्वांत पूर्ण वसूल झाली ती बारा छोट्या भोपळ्यांची. १२ डॉलरमध्ये एका शेतावरून आणलेले हे भोपळे टेबलावर मांडले तेव्हा सजावट होते, मुलांनी रंगवायला घेतले तेव्हा खेळ होते आणि जाताना हातात दिले तेव्हा भेट होते. पहिल्या यादीतल्या ८४ डॉलरच्या पिशव्या तिथेच खोडल्या गेल्या. कोरण्याऐवजी रंगवण्याचा निर्णय सुरी टाळण्यासाठी घेतला होता, पण त्याचा दुसरा लाभ टिकण्यात दिसला. कोरलेला भोपळा तीन-चार दिवसांत मऊ पडून बुरसतो, अखंड भोपळा कित्येक आठवडे टिकतो, त्यामुळे खऱ्या हॅलोविनच्या रात्री हे भोपळे मुलांच्या आपापल्या दारात होते. रंगाच्या बाबतीत एक चूक आधीच्या चाचणीत पकडली गेली. धुऊन निघणारा शाळेचा रंग भोपळ्याच्या मेणचट सालीवर धरत नाही, वाळला की पापुद्रे सुटतात. ॲक्रिलिक धरतो, पण कपड्यावरून मात्र जन्मात निघत नाही. म्हणून ॲक्रिलिक वापरला आणि प्रत्येक मुलाच्या पोशाखावर वडिलांचा एकेक जुना टी-शर्ट चढवला. दहा-बारा भुते, चेटकिणी आणि एक अंतराळवीर गुडघ्यापर्यंत लोंबणाऱ्या टी-शर्टांत रंगकाम करताना पाहणे हा त्या संध्याकाळचा एक भाग कोणत्याही यादीत नव्हता.

पोशाखांविषयीची विनंती बहुतेकांनी पाळली. एक मुलगा खोक्याचे वॉशिंग मशीन घालून आला. दाराच्या जागी पारदर्शक झाकण आणि आत खरे मोजे. पोशाख सर्वांत देखणा होता यात शंका नाही, पण त्याला बसता येईना, टेबलाजवळ जाता येईना आणि दारातून आडवे व्हावे लागे, तेव्हा दहा मिनिटांत खोके उतरवून कोपऱ्यात ठेवले गेले. घरी पोशाख करणाऱ्यांनी मुलाला तो घालून एकदा जेवायला बसवून पाहावे.

आता गॅरेजविषयी सविस्तर सांगणे भाग आहे, कारण पार्टीचे खरे केंद्र तेच ठरले. ऑक्टोबरच्या अखेरीस अमेरिकेत अजून उन्हाळी वेळच चालू असते. २००७ पासून घड्याळे नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे जातात. परिणामी साडेचारला बाहेर लख्ख उजेड होता आणि सूर्य मावळायला सहा वाजणार होते. अंधार हवा तर तो बनवावा लागणार होता. गाडी बाहेर काढून, जुन्या चादरी दोरीवर टाकून गॅरेजमध्ये नागमोडी वाट केली, फटींना काळा कागद लावला, आणि वाटेवर बुटांची पाच खोकी ठेवली, ज्यांत भोकातून हात घालायचा. आत होत्या थंडगार शिजवलेल्या शेवया, सोललेली द्राक्षे, ओला स्पंज, पिठाने भरलेला हातमोजा आणि एका खोक्यात काहीच नाही. मुलांना सर्वांत जास्त भीती वाटली ती रिकाम्या खोक्याची. साहित्याचा खर्च घरातलाच. डॉलर ट्रीमधून काळा कागद, चिकटपट्टी, कोळ्याची जाळी वगैरे पाच वस्तू सव्वा-सव्वा डॉलरला आणल्या, ते ६ डॉलर २५ सेंट. या दुकानात २०२१ च्या अखेरीपर्यंत बहुतेक सगळे एका डॉलरला मिळे, याची आठवण प्रत्येक भारतीय गृहिणी काढते तशी आम्हीही काढली.

पहिल्या फेरीतच चार वर्षांचे मूल दुसऱ्या खोक्यापाशी घाबरून रडू लागले. वडिलांनी लगेच दिवा लावला आणि खेळ थांबवला. इथे गंमत संपली असे मला वाटले होते. पण आईने सगळ्या मुलांना उजेडात आत बोलावले, खोक्यांची झाकणे उघडली आणि कोणत्या खोक्यात काय आहे ते दाखवले. कोडे फुटले तर खेळ फुटेल ही माझी समजूत साफ चुकली. शेवया शेवयाच आहेत हे कळल्यानंतर दिवा पुन्हा मालवला तेव्हा मुले आधीपेक्षा जोरात किंचाळली, आणि रडणारे मूल चादरीमागे बसून आवाज काढण्याचे काम मागू लागले. पुढच्या चार फेऱ्या त्याने तिथून उठायचे नाव घेतले नाही. लहान मुलांना भीती नको असते असे नाही, ती आपल्या हातात हवी असते. दिव्याचे बटण कुठे आहे हे माहीत असले की अंधार परवडतो. त्यानंतर ‘उजेडाची फेरी’ आणि ‘अंधाराची फेरी’ अशा दोन वेगळ्या रांगा लागल्या आणि काही मोठी मुलेही गुपचूप पहिल्या रांगेत उभी राहिली.

प्रकाशासाठी मेणबत्ती वापरायची नाही, हे पहिल्या दिवसापासून पक्के होते. चादरी, कागद आणि झुळझुळीत पोशाख यांच्यामध्ये ज्योत ठेवण्यात शहाणपण नाही. त्याऐवजी २४ छोटे एलईडी दिवे १० डॉलरला आणले, आणि या प्रकरणातला सर्वांत अवघड अर्धा तास त्यांच्यामुळेच आला. अशा दिव्यांत नाण्यासारखी चपटी बॅटरी असते. ती मुलाने गिळली आणि अन्ननलिकेत अडकली तर दोन तासांच्या आत आतले अस्तर जाळू शकते. २०२२ च्या ‘रीसेस लॉ’ या अमेरिकी कायद्यान्वये अशा बॅटरीचा कप्पा मुलाला सहज उघडता येणार नाही असा असावा लागतो. पहिल्यांदा आणलेल्या संचाचे झाकण नखाने निघत होते, म्हणून तो परत करून स्क्रूचे झाकण असलेला घेतला, आणि दिवे ठेवताना मोजले. मध्येच पुन्हा मोजले तेव्हा २३ भरले. पार्टी चालू असताना, मुलांना कळू न देता, तीन मोठी माणसे एक दिवा शोधत होती. तो अखेर वॉशिंग मशीनच्या खोक्यात, मोज्यांच्या मागे लागलेला सापडला; मालकाला आपले यंत्र चालू दिसायला हवे होते. झाकणाचा स्क्रू जागेवर होता. मोजून ठेवले नसते तर तो हरवला आहे हे कोणालाच कळले नसते.

फसलेल्या गोष्टीही लिहून ठेवायला हव्यात. मुलांच्या हातात चमकती कडी असावीत म्हणून ऐन वेळी ५ डॉलरची घेतली, आणि बारा मुले ती घालून गॅरेजमध्ये शिरताच तिथला मेहनतीने केलेला अंधार हिरवागार उजळून निघाला; कडी काढून टोपलीत ठेवावी लागली. दोघांनी मिळून तिसऱ्याला टॉयलेट पेपर गुंडाळून ममी करण्याच्या शर्यतीला अर्धा तास धरला होता, ती चार मिनिटांत आटोपली. त्या कागदाचे ७ डॉलर आणि नंतर ओला लगदा पुसायला लागलेल्या कागदी टॉवेलांचे पावणेसहा. मुलांच्या मते मात्र कागद फाडून एकमेकांवर उधळणे हा पार्टीतला दुसऱ्या क्रमांकाचा खेळ होता, तेव्हा फसले कोणाच्या दृष्टीने हा प्रश्न खुला ठेवलेला बरा. पाण्यात तोंड घालून सफरचंद पकडण्याचा जुना खेळ, सगळ्यांची तोंडे एकाच पाण्यात नकोत म्हणून, दोरीला सफरचंद टांगून केला. तो सुरळीत झाला, यापलीकडे त्याविषयी सांगण्यासारखे काही नाही.

पावत्यांची बेरीज ८९ डॉलर झाली. म्हणजे ठरलेल्या मर्यादेपेक्षा ९ डॉलर जास्त आणि दर मुलामागे सुमारे साडेसात डॉलर. चमकती कडी आणि टॉवेल मिळून पावणेअकरा डॉलर होतात; ते दोन खर्च टळले असते तर बेत मर्यादेत बसला असता. या हिशेबात एक गोष्ट धरलेली नाही, आणि ती लपवणे अप्रामाणिकपणाचे होईल : तिघा मोठ्यांचे मिळून सतरा तास. त्यांतले सहा गॅरेज उभे करण्यात आणि मोडण्यात गेले. ज्या घरात दोघेही शनिवारी कामावर असतात त्या घराला हे तास आणायचे कोठून, याचे उत्तर या प्रकरणात नाही. चादरी, खोकी आणि शेजारीण या घरात आयती होती. मंदीच्या काळातली घरोघरी वाटलेली पार्टी मला म्हणूनच जास्त व्यवहार्य वाटते, आणि पुढच्या खेपेला भोपळे वॉशिंग मशीनवाल्या मुलाच्या घरी, खाणे माझ्याकडे आणि गॅरेज इथे, अशी बोलणी त्याच संध्याकाळी मुलांना न्यायला आलेल्या पालकांशी झाली.

साडेसहा ही संपण्याची वेळ आमंत्रणावर लिहिलेली असूनही सात वाजले, कारण बाहेर अंधार पडल्यावर मुलांना गॅरेजचे दार उघडे ठेवून शेवटची एक फेरी करायची होती. रविवारी सकाळी चादरी धुवायला गेल्या, चोवीस दिव्यांच्या बॅटऱ्या काढून वेगळ्या डबीत भरल्या आणि तिळाची बरणी खाली आली. दुपारी मी गेले तेव्हा गॅरेजमध्ये आजी चादरीच्या दोरीवर चकलीची धुतलेली फडकी वाळत घालत होत्या, आणि पाच वर्षांचा नातू रिकाम्या खोक्यात हात घालून बसला होता.